शिंपिणीची पिशवी आणि सांडलेली उंबरं

नदीच्या वळणावर करवंदीची एक दाट जाळी होती आणि त्या जाळीत, काट्यांच्या आडोशाला, एक शिंपीण राहायची. शिंपीण म्हणजे शिंपी पक्ष्याची बायको. अंगठ्याएवढा जीव, शेपटी कायम ताठ, आणि आवाज? काही विचारू नका! तिनं ‘टुविट’ केलं की पलीकडच्या काठावरचा पाणकावळा दचकून चोचीतला मासा सोडायचा. पण बाई कामाला मोठी चोख. चोच हीच तिची सुई. सावरीच्या कापसाचा दोरा ओवून ती पानाला पान असं जोडायची की टाका कुठे आहे ते शोधत बसावं.

तिनं एक नवीन वस्तू काढली होती. पोटपिशवी! दोन बंद कमरेला बांधायचे, पोटावर पिशवी येते आणि हातपाय, पंख, शेपटी सगळं मोकळं राहतं. सशीण त्यातून गाजरं न्यायची, मुंगूस त्यात अंडी ठेवायचा. (कुणाची अंडी, ते विचारू नका.) बदल्यात गिऱ्हाइकं आळ्या, किडे, दाणे पाठवायची आणि त्यावर शिंपिणीची तीन पिल्लं पोसली जायची. तिन्ही पिल्लांना एकच गोष्ट यायची, चोच वासून बसायची.

आता तुम्ही म्हणाल, एवढीशी शिंपीण अख्ख्या जंगलाला पिशव्या विकायची कशी? तुमच्या घरी मोबाइलवर बोट टेकवलं की दोन दिवसांत दाराशी खोकं येतं ना? त्या जंगलातही तसंच होतं. जुन्या आंब्यावर कोळीणकाकूंनी भलंमोठं जाळं विणलं होतं आणि त्याचा एकेक धागा एकेका विकणाऱ्याच्या दारापर्यंत सोडला होता. ज्याला जे हवं त्यानं ते विकणाऱ्याचा धागा ओढायचा. मग खारूताई माल उचलायची आणि धावत पोचवायची. माल पसंत पडला तर गिऱ्हाईक त्या धाग्याला फूल बांधायचं, नाही पडला तर वाळकं पान. पटलं नाही तर माल परत पाठवायचीही मुभा होती. आणि वाळक्या पानांच्या भारानं एखादा धागा अगदीच लोंबायला लागला, की कोळीणकाकू तो तोडून टाकायच्या. धागा तुटला की धंदा बुडाला.

शिंपिणीच्या धाग्याला फुलंच फुलं होती. पण एकदा काय झालं, एका माकडिणीनं पोटपिशवी मागवली, नणंदेच्या लग्नात छान मिरवली आणि लग्न आटोपल्यावर परत पाठवली. म्हणे, “रंग आवडला नाही.” पिशवीला जांभळाचे डाग, आत चार अक्षता!

“अहो, ही वापरलेली आहे!” शिंपीण ओरडली.

“अय्या, माझ्याकडे अशीच आली!” माकडीण म्हणाली.

कोळीणकाकूंनी विचारलं, “पाठवताना ती कोरी होती हे कुणी पाहिलंय का?” कुणीच पाहिलं नव्हतं. शिंपीण पंख चोळत बसली आणि डागाळलेली पिशवी तिच्या गळ्यात पडली.

त्या दिवसापासून ती सावध झाली. पिशवी पाठवण्याआधी खारूताईला उलटसुलट करून दाखवायची, आणि तळाशी आतल्या बाजूला एक लाल टाका घालायची, म्हणजे कुणी आपली जुनी पिशवी तिच्या नावावर खपवायला नको. इथपर्यंत शहाणपणच होतं. पण दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, आमच्या शिंपिणीनं ताक फुंकलं नाही, ते देणाऱ्याच्याच अंगावर ओतलं! तिनं मनाशी ठरवूनच टाकलं, जो माल परत पाठवतो तो चोर.

आणि अशातच एके सकाळी खारूताई धापा टाकत आली. तिच्या पाठीवर एक पोटपिशवी होती.

“परत आली?” शिंपिणीची शेपटी थरथरली. “कुणाकडून?”

“अर्जुनाच्या झाडावरच्या वटवाघळीणबाईंकडून. म्हणाल्या, यात काही राहत नाही, सगळं सांडतं.”

“सांडतं? माझ्या पिशवीतून?”

शिंपिणीनं पिशवी तपासली. लाल टाका जागेवर होता. भोक नाही, उसवण नाही, एक डागसुद्धा नाही. तिनं पिशवीत उंबरं भरली, ती स्वतःच्या कमरेला बांधली आणि फांदीवर उड्या मारल्या. गोल फिरली. नाचून पाहिलं. एक उंबर खाली पडेल तर शपथ!

“बघितलंस?” ती खारूताईला म्हणाली. “सांग जा तिला, माल चोख आहे, परत घेणार नाही.”

खारूताई पिशवी घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी पिशवीसकट हजर झाली. “त्या म्हणाल्या, सांडतं हो ताई, खरंच सांडतं. पिल्लासाठी उंबरं आणते आणि घरी पोचले की एकही उरत नाही.”

“म्हणजे वाटेत स्वतःच खात असेल! परत ने.”

“अगं, माझ्या पायांचे तुकडे पडले,” खारूताई कुरकुरली, पण गेली. पोचवणं हे तिचं काम. भांडणात पडायचं नाही, असा तिचा नियमच होता. संध्याकाळी ती पुन्हा पिशवी पाठीवर घेऊन आली तेव्हा शिंपिणीचं डोकं फिरलं. तिनं पिशवी परत खारूताईच्या पाठीवर आदळली, आपल्या धाग्यावर जाऊन बसली आणि गळा काढला. जाळ्यावर बोललेलं सगळीकडे ऐकू जायचंच, त्यात तो तिचा आवाज.

“ऐका हो ऐका! अर्जुनावरची वटवाघळीण खोटारडी आहे! फुकट्या बाईला कुणी काही देऊ नका!”

झालं. उचलली जीभ, लावली टाळ्याला! जंगलभर बातमी. दुसऱ्या दिवशी वटवाघळिणीनं मधमाश्यांचा धागा ओढला, पिल्लाला खोकला झाला होता म्हणून चाटणापुरता मध मागितला. मधमाश्या म्हणाल्या, “तुम्हाला नाही. तुम्ही माल घेता आणि खोटं बोलून परत करता म्हणे.” मुंग्यांनीही नाही म्हटलं. बिचारी वटवाघळीण खोकणाऱ्या पिल्लाला पंखाखाली घेऊन गप्प राहिली. पण तिचं गणगोत गप्प बसणारं नव्हतं. अर्जुनावर अख्खी वस्ती होती वटवाघळांची. दिवेलागणीला सगळी उठली आणि प्रत्येकानं शिंपिणीच्या धाग्याला एकेक वाळकं पान बांधलं.

सकाळी शिंपीण बघते तर फुलं कुठे दिसेनात. पानांच्या भारानं धागा जमिनीला टेकायच्या बेतात होता. आणि वरून आठ पायांनी सावकाश उतरत कोळीणकाकू आल्या.

“शिंपीणबाई, हे काय चाललंय?”

“काकू, माल माझा चोख आहे. हवं तर तुम्ही तपासा. खारूताईला विचारा, तिच्यासमोर भरून, बांधून, नाचून दाखवलंय मी.”

“असेल चोख. पण इतकी गिऱ्हाइकं नाराज असलेला धागा मी ठेवू कशी? उद्या सूर्य माथ्यावर येईपर्यंत मिटवा. नाहीतर मला तोडावा लागेल. मला आवडत नाही हो, पण जाळं सगळ्यांचं आहे.”

 शिंपिणीनं घरट्याकडे पाहिलं. तीन चोची उघड्या होत्या. धागा तुटला तर दिवसभर शिवायचं आणि विकायचं कुणाला? ती रडली नाही, कारण तिला राग आला होता, आणि रागावलं की तिला रडू येत नसे.

“मिटवतेच,” ती म्हणाली. “उद्या पहाटे जाते तिच्या घरी आणि सगळ्यांसमोर पकडते तिला. खारूताई, तू साक्षीला चल.”

“मी? मी भांडणात पडत नाही.”

“पडू नकोस. नुसती बघ.”

पहाटे दोघी अर्जुनाच्या झाडाशी पोचल्या. शिंपीण त्या झाडाकडे पहिल्यांदाच आली होती. वटवाघळं तिनं पाहिली होती ती फक्त तिन्हीसांजेला आभाळात उडताना, आणि ती दिसायला लागली की हिची झोपायची वेळ. जाळ्यावरच्या धंद्याचं हे असंच. पिशवी कुठवर जाते ते खारूताईला ठाऊक, विकणारीला घेणारीचं तोंडही माहीत नाही. शिंपीण एका खालच्या फांदीवर दबा धरून बसली. उजाडत होतं आणि चरायला गेलेली वटवाघळं घरी परतत होती.

“ती बघ,” खारूताई कुजबुजली. “कमरेला पिशवी आहे ती.”

शिंपिणीनं मान उंच केली. खरंच की! पिशवी काठोकाठ भरलेली. लाललाल उंबरं वरून डोकावत होती, आणि इतकं उडून आली तरी एक सांडलेलं नव्हतं. “बघ, बघ! कशी भरगच्च आहे! आणि म्हणे सांडतं! आता पकडते बघ कशी,” असं शिंपीण म्हणते आहे तोवर वटवाघळीण वरच्या फांदीशी आली, तिनं दोन्ही पायांनी फांदी धरली, गिरकी घेतली आणि डोकं खाली करून निवांत लटकली.

धप्! धप्! धप्! धपाधप!

पिशवीतली सगळी उंबरं शिंपिणीच्या डोक्यावर. एक पिकलेलं तर कपाळावरच फुटलं आणि त्यातला चिकट गर डोळ्यांवरून ओघळत चोचीत गेला.

“बघा,” वटवाघळीण वरून दमलेल्या आवाजात स्वतःशीच म्हणाली. “रोज हेच होतं.”

शिंपीण उंबरात माखलेली, तशीच वर बघत राहिली. शेजारच्या फांदीवरही सगळी वटवाघळं तशीच लटकलेली. आजोबा तसेच, काकू तशाच, पोरंही तशीच. अख्खी वस्ती डोकं खाली, पाय वर.

“अगं बाई!” ती शेवटी म्हणाली. “तुम्ही उलट्या राहता!”

“मी उलटी?” वटवाघळिणीनं डोळे मिचकावून तिच्याकडे पाहिलं. “मी कशाला उलटी असेन? उलटी तर तू बसली आहेस. रक्त पायात उतरत नाही का गं तुझं?”

खारूताईला हसू आवरेना. ती शेपटी तोंडावर धरून खुसुखुसु हसायला लागली. शिंपीण तिच्यावर उखडली. “तुला ठाऊक होतं? तू इथं रोज येतेस!”

“होतं की.”

“मग बोलली का नाहीस?”

“मला कुणी विचारलं? तू म्हणालीस ‘परत ने’, मी नेली. तू एकदा तरी म्हणालीस का, की ती कशी राहते, पिशवी कशी वापरते?”

 खरंच, शिंपिणीनं विचारलंच नव्हतं. टाका तपासला, भोक तपासलं, स्वतः नाचून पाहिलं. ज्या बाईची पिशवी, तिला मात्र ‘कसं सांडतं’ एवढं दोन शब्दांत विचारलं नव्हतं. आणि वटवाघळिणीनं तरी काय सांगावं? आपण लटकतो हे मुद्दाम सांगायची गोष्ट आहे, हे तिच्या डोक्यातच आलं नसणार. तुम्ही खाऊचा डबा मागवताना ‘मी दोन पायांवर उभा राहतो’ असं कळवता का?

शिंपिणीनं कपाळ पुसलं आणि ती कामाला लागली. बोलण्यापेक्षा शिवणं तिला केव्हाही सोपं. शेजारच्या पळसाचं एक जाड पान तोडून आणलं, पिशवीच्या तोंडावर त्याची झडप शिवली, झडपेला दोऱ्याचा फास केला आणि पिशवीला बाभळीचा काटा अडकवला. फास काट्यात घातला की तोंड बंद. वटवाघळिणीनं पिशवी भरली, बांधली, लटकली. झोके घेतले. तिच्या पिल्लानं तर पिशवीलाच लोंबकळून पाहिलं. एकही उंबर पडलं नाही.

“वा! झकास झालं,” वटवाघळीण म्हणाली. पिल्लू उंबर खाऊ लागलं आणि खाता खाता खोकलं.

शिंपिणीला हायसं वाटलं. “मग आता ती वाळकी पानं काढाल ना? सूर्य वर यायच्या आत?”

वटवाघळिणीनं पिल्लाची पाठ चोळली. मग म्हणाली, “पिशवीची तक्रार मिटली, ताई. पिशवीचा मला राग नव्हताच कधी. पण तू मला खोटारडी म्हणालीस. माझ्या पोराला कुणी चमचाभर मध देत नाही.”

शिंपिणीचा चेहरा उतरला. तिला मधाचं काही माहीतच नव्हतं. अगदी हळू आवाजात ती म्हणाली, “चुकलं माझं.”

“काय?”

“चुकलं म्हटलं.”

“मला ऐकू आलं. आमचे कान तिखट असतात. पण खोटारडी म्हणालीस तेव्हा सगळ्या जंगलाला ऐकू आलं होतं.”

 शिंपीण बाजूला होऊन खारूताईच्या कानाशी लागली. “अगं, सगळ्यांसमोर चूक कबूल केली तर काय होईल? उद्या जो तो पिशवी परत पाठवेल. म्हणतील, शिंपिणीनं स्वतःच मान्य केलंय. धागा वाचेल आणि धंदा बुडेल!”

खारूताईनं एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. मग तिनं आपला नियम मोडला. “मी भांडणात पडत नाही, पण सांगते. दोन दिवस तुझी बोलणी मी पाठीवर वाहते आहे. पिशवी हलकी असते गं, तुझी बोलणी जड. तोंड तुझं, त्यानं जे बिघडवलं ते त्यानंच निस्तर. मी आता एकही उलट फेरी मारणार नाही.”

ऊन चढत होतं. शिंपीण उडाली ती थेट जुन्या आंब्याकडे. कोळीणकाकू तिच्या धाग्यापाशी येऊन थांबल्या होत्या आणि खाली बघे जमले होते. कुणाचं वाईट होणार असलं की बघ्यांना तोटा नसतो, जंगलातही नसतो. शिंपीण धाग्यावर बसली. कपाळाला अजून उंबराचं बी चिकटलेलं होतं. एकदा वाटलं, पुटपुटावं आणि मोकळं व्हावं. मग तिनं छाती भरून श्वास घेतला, शेपटी ताठ केली आणि आयुष्यात ओरडली नव्हती एवढ्या मोठ्यानं ओरडली.

“ऐका हो ऐका! अर्जुनावरच्या वटवाघळीणबाई खोटारड्या नाहीत! पिशवीतून खरंच सांडत होतं! मी न विचारता, न बघता त्यांना नावं ठेवली. चूक माझी आहे! त्यांच्या पोराला खोकला झालाय, कुणीतरी मध द्या हो!”

पलीकडच्या काठावरच्या पाणकावळ्यानं मासा सोडला.  कोळीणकाकू म्हणाल्या, “बाई, एवढं उघड बोललीस. उद्या एखादा लबाड याचा फायदा घेईल, ठाऊक आहे ना?”

“येऊ दे लबाड,” शिंपीण म्हणाली. तिचा घसा बसला होता. “लाल टाका मी घालणारच आहे. पण आता आधी विचारीन, ‘काय झालं?’ आणि मग म्हणीन, ‘चला, दाखवा.’ खरं बोलणारा दाखवतो. लबाडाला तेव्हा नेमकं काहीतरी काम निघतं.”

“ते ठीक आहे. पण पानं अजून तशीच आहेत, आणि सूर्य माथ्यावर आला.” कोळीणकाकूंनी उसासा टाकला आणि धागा दातांत धरला. शिंपिणीनं डोळे मिटले.

तेवढ्यात बघ्यांमधून एकच गलका झाला. भर दुपारी, रणरणत्या उन्हात, नदीवरून वटवाघळं येत होती! झोपेनं डुलत, उजेडानं डोळे बारीक करून, एकमेकांवर आपटत सगळी वस्ती आली. एकेकानं धाग्याला लटकून आपापलं पान तोडलं आणि खाली टाकलं. सर्वांत शेवटी वटवाघळीण आली. पिल्लू तिच्या पोटाला बिलगलं होतं आणि त्याच्या तोंडाला मध लागला होता.

“ताई, आवाज भारी आहे हो तुझा,” तिनं जांभई दिली. “अख्खी वस्ती खडबडून जागी झाली. आजोबा तर फांदीवरून पडले.” तिनं आपलं पान तोडलं आणि त्याच जागी अर्जुनाच्या फुलांचा तुरा बांधला. कोळीणकाकूंनी तोंडातला धागा अलगद सोडला.

आणि आता मात्र शिंपीण रडली. कारण राग कुठे उरला होता?

तात्पर्य : परत आलेल्या मालाबरोबर आधी गिऱ्हाइकाची हकिगत ऐकावी, मग कोण चोर ते ठरवावं, आणि ज्या आवाजात दुसऱ्याला नावं ठेवली, त्याच आवाजात आपली चूक सांगावी.